पेडल खाली गेलं, पण दोष पॅडचा होता का?

गॅरेजच्या दारातून: वाचकांचे प्रश्न, उद्यमनगरातून उत्तरं

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं ब्रेकची निघाली. नवल नाही. पाऊस थांबला, रस्ते वाळले की कोल्हापूरच्या पोरांना घाट आठवतो आणि घाट उतरून आले की ब्रेक आठवतो. एका पत्राला सविस्तर उत्तर देतोय, कारण त्यातला प्रसंग थोडक्यात निभावलाय. बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: नमस्कार काका. मी राजारामपुरीत राहतो, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. मागच्या वर्षी सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस 230 घेतली, 2017 ची, 62 हजार किलोमीटर झालेली. रविवारी पहाटे आम्ही चार-पाच गाड्या गगनबावड्याला जातो. गेल्या महिन्यात करूळ घाट उतरताना शेवटच्या वळणांना पेडल मऊ पडलं आणि निम्म्याहून खाली गेलं. दोन-तीनदा पंप मारल्यावर गाडी थांबली. वीस मिनिटं बाजूला उभं राहून निघालो तर सगळं पूर्ववत. पॅड अजून निम्मे शिल्लक आहेत. मित्र म्हणतो रेसच्या ट्रॅकवरचे पॅड घाल. एक गॅरेजवाला म्हणतो सहा पिस्टनचा मोठा किट घाल. बजेट पंचवीस हजार. कुठले पॅड घेऊ?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: बाळा, पत्र वाचून आधी मलाच घाम फुटला. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं: पेडल मऊ पडलं आणि वीस मिनिटांनी परत आलं. पॅड कुठले घ्यायचे हे नंतर बघू. आधी त्या दिवशी नक्की काय दमलं ते बघू.

तापलेला ब्रेक दोन तऱ्हेनं दगा देतो. एका तऱ्हेत पेडल दगडासारखं घट्ट असतं, तू पायातला सगळा जोर लावतोस, पण गाडी ऐकत नाही. तिथं पॅड झेपेपलीकडं तापलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेत पेडल स्पंजासारखं होतं आणि खाली खाली जातं. तिथं ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की तुझा जोर ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. गार झालं की वाफ विरते, पेडल वर येतं आणि माणसाला वाटतं, सगळं ठीक झालं. ठीक काही झालेलं नसतं. ऑइलमध्ये मुरलेलं पाणी, ज्याची वाफ झाली, ते तसंच असतं.

पहिली तऱ्हा मी स्वतः भोगलीय. 1992 साल, माझं वय एकोणीस. वस्तादांनी एका गिऱ्हाइकाची प्रीमियर पद्मिनी साखरप्याला पोचवायला दिली होती. चारी चाकांना ड्रम. आंबा घाट सुरू झाला तसा मी शहाणपणा करून गाडी न्यूट्रलला टाकली, पेट्रोल वाचेल म्हणून. चार-पाच वळणं मजेत गेली. मग लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासणारा मसाला, जळल्याचा तो वास आला. ज्यानं एकदा घेतलाय तो जन्मात विसरत नाही. मी जवळजवळ उभा राहून पेडल दाबतोय आणि गाडी आपली घरंगळतीय. कसाबसा दुसरा गिअर टाकला, गाडी डोंगराकडच्या गटारीत घातली, पुढचा मडगार्ड चेपला. साखरप्याहून फोन केला. वस्ताद एसटीनं आले, आधी कानाखाली एक दिली आणि मग ड्रम उघडून दाखवला. लायनरवर आरशासारखी चकाकी आलेली. म्हणाले, "ब्रेकला दोष देऊ नकोस, तू इंजनाला सुट्टी दिलीस."

आता थोडं गणित. गाडी 100 च्या वेगावरून पूर्ण थांबवायला ब्रेकला जेवढी उष्णता गिळावी लागते, तिच्या साधारण साडेबारा पट उष्णता 500 मीटर उंची उतरताना तयार होते. वजन दोन्हीकडं सारखंच असल्यानं गणितातून कटतं. मारुती असो नाहीतर आरएस, हिशेब तोच. म्हणजे तू नुसत्या ब्रेकवर घाट उतरलास, तर लागोपाठ बारा-तेरा वेळा शंभरावरून गाडी उभी केल्यासारखं आहे, आणि मधे गार व्हायला सरळ रस्ता नाही. वर प्रत्येक सरळ तुकड्यावर तू पाय देणार आणि वळणाआधी पुन्हा दाबणार. ती उष्णता वेगळी. वेग दीडपट केला की उष्णता सव्वादोनपट होते, हेही धरून चल. तुझ्या गाडीला डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, स्टिअरिंगमागं गिअर बदलायचे पॅडल आहेत. ते फक्त चढावर आवाज काढायला दिलेले नाहीत. उतारावर मॅन्युअलला घे, दुसरा-तिसरा गिअर धर आणि ब्रेक वळणाआधी एकदाच ठाम दाबून सोड. पाय सारखा ठेवून रेंगाळलास की डिस्कला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही.

आता ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं, झाकण बंद असलं तरी. रबरी होजमधूनसुद्धा थोडं थोडं पाणी आत जातं. आपल्याकडच्या पावसात ते काम आणखी जोरात चालतं. डॉट 4 ही ब्रेक ऑइलची एक जात. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तेच ऑइल 155 अंशांवर उकळू शकतं. हे मानकातले किमान आकडे आहेत, चांगल्या डब्यातलं ऑइल याच्या वर असतं, पण जुनं झालं की सगळं खालीच येतं. म्हणून दोन वर्षांत एकदा बदलायचं, गाडी पळाली असो वा नसो. तुझी गाडी आधीच्या मालकानं किती जपली ते सर्व्हिसच्या पावत्यांत बघ. ऑइल बदलल्याची नोंद सापडली नाही तर समज, बदललेलंच नाही. माझ्याकडं ओलावा तपासायचं पेनासारखं यंत्र आहे, मिनिटात कळतं. सेकंडहँड आलेल्या गाड्यांत त्याचा लाल दिवा लागला की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तुझ्या गाडीला ईएसपी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा असल्यामुळं पातळ जातीचं, म्हणजे लो-व्हिस्कॉसिटी डॉट 4 लागतं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, डब्यावर तेच शब्द बघून घे. डॉट 5.1 चालतं का असं पुष्कळ जण विचारतात. ते याच घराण्यातलं आहे, उकळबिंदू आणखी वरचा. पण डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, त्याचं आणि यांचं जमत नाही. आकडा वाचताना मधला ठिपका विसरू नकोस. आणि ऑइल बदलणं म्हणजे वरच्या डब्यातलं पिचकारीनं ओढून नवं ओतणं नव्हे. चारी चाकांच्या निपलमधून जुनं सगळं काढायचं, एअर काढायची. उकळलं होतं ते कॅलिपरमधलं, वरच्या डब्यातलं नव्हे.

पहिली पावती ऑइलची. तेवढं करून एकदा पुन्हा गगनबावड्याला जा, मित्रांशी शर्यत न लावता. माझा अंदाज आहे, निम्मं दुखणं तिथंच जाईल.

बरं, मग पॅड बदलूच नको का? तसं नाही. दुसरी एक परीक्षा घे. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, साठाच्या वेगावरून ब्रेक पूर्ण दाब. पायाखाली एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची टरटर लागली तर याचा अर्थ, तुझे आत्ताचे पॅड टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर देताहेत. मग कितीही भारी पॅड घातलास तरी एका दाबात गाडी फूटभरही अलीकडं थांबणार नाही. ते काम टायरचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ते वाच. सहा-सात वर्षांचे कडक झालेले टायर ठेवून पॅडवर पैसे घालवणारी गिऱ्हाइकं मी बघितलीत. चांगला पॅड देतो ते वेगळं असतं: दहाव्या वळणालाही पहिल्या वळणासारखी खात्री, आणि पाय किती दाबला की किती थांबेल याचा अंदाज. तुझ्यासारख्या घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याला त्याची किंमत आहे, हे मी मान्य करतो.

पॅड म्हणजे शेवटी काय, तर पोलादी पट्टीवर चिकटवलेला मसाला. तंतू, रेझिन, ग्रॅफाइट, धातूचा चुरा. प्रत्येक कंपनीची पाककृती वेगळी आणि गुपित. विलायतेत हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं 1897 मध्ये या धंद्याला सुरुवात केली. सांगतात की डोंगराळ भागातले गाडीवाले उतारावर लाकडी ब्रेकला जुना बूट बांधतात, हे बघून त्याला कल्पना सुचली. फ्रूडच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून आणि एक वाढवून फेरोडो हे नाव झालं. म्हणजे चामड्यापासूनच सुरुवात. आमच्या गावात चपलेला कमी नव्हती, सुचलं मात्र कुणाला नाही!

सिरॅमिक म्हणून विकतात ते पॅड शांत, कमी धूळ करणारे, शहरातल्या गाडीला उत्तम. युरोपी गाड्यांना कारखान्यातून बहुधा लो-मेटॅलिक जात येते: चावा चांगला, पण पुढची चाकं आठवड्यात काळी. तुझ्या रिमवरची काळी भुकटी तीच. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंड जास्त, उष्णता सोसतात, डिस्क थोडी लवकर खातात. आणि निव्वळ ट्रॅकचे पॅड. ते मुळात गरम राहण्यासाठीच बनवलेत. ढोबळमानानं सांगायचं तर साध्या रस्त्याच्या पॅडची पकड साडेतीनशे-चारशे अंशांपुढं उतरायला लागते, फास्ट रोड म्हणतात ते, म्हणजे रस्त्यावरच जोरात पळवायच्या गाड्यांचे, पाचशेच्या घरापर्यंत टिकतात आणि ट्रॅकचे त्याच्याही पुढं जातात. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. बरेच ट्रॅकचे पॅड गार असताना चावतच नाहीत.

आणि तू गाडी चालवतोस कुठं? आठवड्यातले सहा दिवस राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री दहाला सेकंड शिफ्ट संपवून निघालास, डिस्क थंडगार, आणि अचानक दिव्याच्या झोतात उसाची भिंत उभी. तिथं पहिल्या दाबालाच चावा लागतो. पॅड तापायची वाट बघायला ट्रॉली थांबत नाही. गगनबावड्याच्या पावसाचंही तसंच: डिस्कवर पाण्याचा पापुद्रा, पॅड गार, आणि मित्रानं दिलेला ट्रॅकचा पॅड आत नुसता सरकतोय. तुझ्या मित्राला सांग, ट्रॅकचा पॅड ट्रॅकवर ठेव. तिथं बदलून घालायला पंधरा मिनिटं लागतात.

म्हणून तुझ्यासाठी फास्ट रोड जात. ईबीसीचे रेडस्टफ, फेरोडोचे डीएस परफॉर्मन्स, हॉकचे एचपीएस ही नावं ऐकली असशील. त्या रांगेतलं तुझ्या गाडीच्या नेमक्या कॅलिपरला जे मिळेल ते. फेरोडोचा डीएस 2500 रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधला. आवाज करतो, रोजच्या गाडीला मी देत नाही. नावापेक्षा पट्टीवरच्या खुणा वाच. युरोपच्या आर 90 नियमाखाली पास झालेल्या पॅडवर वर्तुळातल्या ई अक्षरासोबत 90 हा आकडा असलेला मंजुरी क्रमांक असतो. त्याचा अर्थ, मूळ पॅडच्या कामगिरीशी तुलना करून 15 टक्क्यांच्या आत बसवलाय. म्हणजे अंगात आलं म्हणून वाटेल तसा वागणार नाही. अमेरिकी पद्धतीच्या पॅडवर दोन अक्षरं असतात, पहिलं साध्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरच्या. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर 0.55 पर्यंत. एफएफ चांगलं. पहिलं अक्षर ई आणि दुसरं जी असेल तर उसाची ट्रॉली आठव. अक्षरं सारखी म्हणून पॅड सारखे, असं मात्र नसतं. ही परीक्षा एका छोट्या तुकड्याची असते, अख्ख्या गाडीची नव्हे.

पुढं आणि मागं एकाच घराण्यातले घे. नुसते पुढचे फार तीव्र घातले तर दाबाची वाटणी बिघडते.

आता सहा पिस्टनचा किट. पंचवीस हजारांत सहा पिस्टनचा किट मिळत असेल, तर तो कुठं ओतला एवढंच त्या गॅरेजवाल्याला विचार. माझं बालपण फाउंड्रीच्या भट्टीशेजारी गेलंय. ओतीव मालात आत पोकळी राहिली की ती बाहेरून रंगाखाली दिसत नाही. शिवाय कॅलिपरमध्ये पिस्टन वाढले की पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं माप, रिमच्या आतली जागा, मागच्या ब्रेकशी तोल, सगळं पुन्हा जुळवावं लागतं. तुझ्या गाडीचा मूळ ब्रेक लहान नाही. त्याला ताजं ऑइल दे.

डिस्क मात्र तपासून घे. डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरनं मोज, व्हर्नियर नको; कडेला उरलेल्या ओठामुळं व्हर्नियर खोटं बोलतो. डिस्क ग्रे आयर्नची का, असं मला एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलं होतं. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्या उष्णता पसरवतात आणि कंप मारतात, म्हणून. भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण भोकाच्या कडेपासून चिरा सुटतात. घाटाला साधी, आतून हवेशीर डिस्कच बरी.

बसवताना कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लाव. एक पिन अडकली की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवा राहतो. पिस्टन मागं ढकलताना वरच्या डब्यातलं ऑइल उसळून रंगावर पडतं, रंग जातो. आधी थोडं काढून ठेव. आणि साठलेली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही. आमच्या पिढीनं ती उडवली आणि छातीत घेतली, तेव्हा लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनर मार, ओलं पुसून काढ.

शेवटचं काम सगळे चुकवतात: पॅड बसवणं म्हणजे नट आवळणं नव्हे. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढला की मग खरी पकड येते. रविवारी पहाटे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीचे रुंद रस्ते मोकळे असतात, तिकडं जा. साठावरून वीसपर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा, मधे थोडी गाडी पळवून. मग ऐंशीवरून वीसपर्यंत जरा जोरात चार-पाच वेळा. एबीएस लागू द्यायचं नाही आणि गाडी पूर्ण थांबवून पाय दाबून धरायचा नाही. मग ब्रेक न वापरता दहा मिनिटं फिरव, गार होऊ दे. पॅडच्या पाकिटात वेगळी रीत लिहिली असेल तर तीच पाळ. थोडा धूर आला, वास आला तर घाबरू नकोस. घरचे घाबरतील, त्यांना आधी सांग.

प्रश्न: महिन्यातून दोनदा पुण्याला जाते. शंभरच्या वेगावरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतात डिस्क वाकडी झाली, लेथवर मारावी लागेल. सहा महिन्यांपूर्वीच नवे स्पोर्ट्स पॅड घातलेत. डिस्क एवढ्यात वाकडी होते?
– एक प्राध्यापिका, ताराबाई पार्क

उत्तर: ताई, डिस्क वाकडी होणं फार कमी वेळा घडतं. शंभरातल्या नव्वद तक्रारींत जाडीचा फरक असतो, आणि तो बहुधा पॅडच्या चिकटलेल्या थराचा. एक विचारतो: किणी टोलनाक्याला तुम्ही वेगात येऊन जोरात ब्रेक दाबता आणि रांगेत उभ्या असताना पाय तसाच दाबून ठेवता का? गरम पॅड गरम डिस्कच्या एकाच जागी शिक्क्यासारखा उमटतो. पुढं प्रत्येक फेऱ्याला तो उंचवटा पॅडला धक्का देतो आणि तुमच्या हातात थरथर येते. स्पोर्ट्स पॅड नीट बसवून घेतले नसतील तर हे लवकर होतं.

वर मी रविवार पहाटेची जी रीत लिहिलीय, ती आधी करून बघा. थर पातळ असेल तर निघून जाईल. नाही गेला तर मेकॅनिकला दोन गोष्टी सांगा. डिस्क काढून हबच्या, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते त्या बैठकीच्या, तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा. गंजाचा एक पापुद्रा आत राहिला तरी डिस्क तिरकी बसते. मग डायल गेज लावून लहर, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते, मोजायची. साधारण 0.05 मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, त्याच्या बरंच वर गेलं तर लेथचा विचार. उद्यमनगरात डायल गेज नाही असं दुकान शोधावं लागेल, तेव्हा "अंदाजानं वाकडी" हे ऐकून घेऊ नका. लेथवर मारून जाडी किमान आकड्याखाली जाणार असेल तर नव्या डिस्क घ्या. आणि चाकाचे नट गनवर आवळू देऊ नका, टॉर्क पान्यानं आवळून घ्या. कमी-जास्त आवळलेल्या नटांनीही डिस्क ओढली जाते.

टोलला पुढच्या गाडीपासून थोडं अंतर ठेवून थांबा आणि अधूनमधून हातभर पुढं सरका.

प्रश्न: माझ्या व्हर्टस जीटीला मागं ड्रम आहेत. दीडशे पीएसच्या गाडीला ड्रम म्हणजे लाजच वाटते. डिस्क बसवून मिळेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर: लाज वाटत असेल तर चाकावर व्हील कव्हर घाला! ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, सत्तर टक्के आणि त्याहून जास्त काम पुढची चाकं करतात. मागं डिस्क घालायची म्हणजे कॅलिपर, हँडब्रेक, हब, एबीएसचं गणित, सगळं उकरायचं. कारखान्यानं ते गणित ड्रम धरून केलंय. मी करून देणार नाही, आणि जो "हो, करून देतो" म्हणेल त्याला एबीएसचं काय करणार तेवढं विचारा. पैसे हातात असतील तर चार चांगले टायर घ्या.

प्रश्न: नावाजलेल्या कंपनीचे पॅड ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळाले. खोके हुबेहूब. दोन महिन्यांत पॅडच्या कडेचा टवका उडाला. डुप्लिकेट ओळखायचे कसे?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: दादा, ते आत्ताच काढून टाका, पुढची ओळ नंतर वाचा. टवका उडाला म्हणजे मसाला नीट भाजला गेला नव्हता. कधी कधी अख्खा मसालाच पट्टीवरून सुटतो आणि मग लोखंडावर लोखंड.

ओळखायचं म्हणाल तर खोक्यावर जाऊ नका, खोकं छापणं सगळ्यात सोपं. पट्टी बघा: मूळ मालाची कड स्वच्छ कापलेली, रंग सारखा, छाप खोल आणि वाचता येणारा. बॅच क्रमांक खोक्यावर आणि पट्टीवर जुळतो का बघा. पट्टीच्या मागची शिम, म्हणजे आवाज मारणारी पातळ चकती, नीट बसलेली असावी, हातानं हलणारी नव्हे. जोडीतले चारी पॅड वजनकाट्यावर ठेवा. मी किराणा दुकानातून आणलेला जुना काटा गॅरेजमध्ये ठेवलाय. डुप्लिकेट पॅडमध्ये वजनाचा फरक चटकन दिसतो. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, पण कोडसुद्धा छापता येतो, एवढं लक्षात ठेवा. दुकानदार पक्की पावती द्यायला कां-कूं करत असेल तर तिथंच उत्तर मिळालं.

प्रश्न: पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर येते. पॅड संपले का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: नाही. रात्रभरात डिस्कवर गंजाची झाक चढते, पहिल्या दोन-तीन दाबांत ती पुसली जाते. लोखंड आहे, पाण्यात गंजणारच. खरखर दिवसभर राहिली, किंवा ब्रेक न दाबताही चीं-चीं आवाज आला, तर मात्र या. पुष्कळ पॅडना झीज सांगणारी पत्र्याची पट्टी असते, ती डिस्कला घासून ओरडते. मसाला तीन मिलिमीटरवर आला की मी बदलायला सांगतो. घाटात जाणारा असेल तर चारवर. पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते.

प्रश्न: मुलानं वाढदिवसाला स्वतःच्या पैशांतून गाडीचे कॅलिपर लाल रंगवले. आता डाव्या बाजूचं चाक जास्त तापतं आणि गाडी थोडी डावीकडं ओढते. रंगाचा काही संबंध असेल का? मुलगा नाही म्हणतो.
– एक पालक, कळंबा

उत्तर: मुलाला सांगा, रंग छान दिलाय. आता डाव्या कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि पॅड ज्या खाचेत बसतो ती खाच बघ. तिथं रंग गेला असणार. पॅड पुढं जातो, मागं येत नाही, म्हणून चाक तापतं आणि गाडी ओढते. खाचेतला रंग पॉलिश पेपरनं घासून काढ, पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लाव. पिस्टनच्या रबरी बुटावर रंग असेल तर थिनर अजिबात लावू नको, रबर फुगतं. बूट बदल. चाक काढलेलं असताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालायचा नाही, खाली स्टँड लाव. आणि उजव्या बाजूचंही उघडून बघ, तिकडं रंग कमी गेला असेल एवढंच.